आठ दिवसांची करकर

कॉम्प्युटरमधून करकर येते म्हणून कोणी दुकानात आलं की मी आधी विचारतो, "भाऊ, घाई आहे का?" घाई आहे म्हटलं तर सांगतो, मग करकर राहू द्या, तुमचं काम उरकून घ्या, नंतर या. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहतं. हा माणूस धंद्याला नालायक आहे असं त्याला वाटत असणार. वाटो. पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी खुर्ची पुढे ओढून मशीनच्या मागेच लागायचो, आणि ते पूर्ण नीट झाल्याशिवाय हातातून सोडायचो नाही. त्या सवयीचा मला मोठा गर्व होता.

नंदनवनात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या गल्लीत घर. घरात आई, बाबा आणि मी. लग्न माझं झालं नाही. दुकानाशीच लागलं, असं आई म्हणते. मोठी बहीण कामठीला दिलेली, ती दर रविवारी येते.

बाबा बुटीबोरीला कापडाच्या गिरणीत होते. पण वस्तीत त्यांना ओळखायचे ते गिरणीमुळे नव्हे. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, नवं घर असो की कोणाच्या घरी माणूस गेलेला असो, बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील म्हणायला बाबांनाच बोलवायचे. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. पहिल्या पाळीहून थकून आलेले असत, तरी पांढरा सदरा घालून निघायचे. एक रुपया घ्यायचे नाहीत, चहा तेवढा घ्यायचे. त्यांनी पहिला शब्द उच्चारला की मांडवातली पोरं गप्प व्हायची. मयतीत तर लोक त्या आवाजाची वाटच बघत बसायचे. तो आवाज आला की रडायची मोकळीक मिळायची.

त्या आवाजाला खर्ऱ्याने खाल्लं. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पुडी चाळीस वर्षं त्यांच्या खिशात होती, आणि जोडीला बिडी. आई ओरडायची, ताई ओरडायची, मी तर दोनदा पुड्या नालीत फेकल्या. ऐकतील तर शपथ! गेल्या उन्हाळ्यात घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. म्हणजे आठ दिवस हातात होते.

बाबा घरी येऊन खाटेवर बसले. आईने त्यांच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मीच बोललो. म्हटलं, "बाबा, वंदना रेकॉर्ड करून टाकू. एकदम क्लिअर. मग आवाज गेला तरी कुठं जाते? हर मांडवात वाजंल."

बाबांना ते आवडलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कर गा. तेवढं तरी मागं राहीन."

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मोबाईलवर करून घे ना रे, कायले तामझाम करतं?" मी तिला झापलं. मोबाईलवरचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंमध्ये बाबांच्या दोन-चार ओळी होत्या, पण फोटोग्राफर लोक त्यावर पिक्चरचं गाणं चढवून ठेवतात. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला चांगला माईक होता, स्टँड होता, कॉम्प्युटर घरचा. आणि मी कोण? वीस वर्षं मशिनी दुरुस्त करणारा मेकॅनिक! बापाचा आवाज मोबाईलवर घेऊ?

पहिल्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्या खोलीत सगळं मांडलं. बाबा आंघोळ करून सदरा घालून आले. पहिली ओळ घेतली, ऐकली, आणि माझं डोकं फिरलं. आवाजामागे तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतड. मधेच एक करकर, मधेच अर्धा शब्द गिळलेला. मी म्हटलं, "थांबा बाबा, ड्रायव्हर बिघडलेला दिसते, दहा मिनटं." ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यातलं साउंड कार्ड यांना एकमेकांची भाषा समजावून सांगणारा प्रोग्राम. तो बिघडला की दोघं भांडतात आणि आवाज फाटतो. हे काम मी झोपेत करतो.

दहा मिनिटांचा दिवस झाला. जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. करकर. नवा काढला, त्याच्याही आधीचा शोधून टाकला. करकर. माईकची पिन पुढून काढून मागे लावली, वायर बदलली, वीज वाचवायच्या सगळ्या सेटिंग बंद केल्या. दुसऱ्या दिवशी वाटलं अर्थिंगचा लोचा असेल, म्हणून बोर्ड उघडून नवी तार ओढली. तिसऱ्या दिवशी सगळी सिस्टीम पुसून पुन्हा भरली. प्रत्येक वेळी बाबांना हाक मारायचो.

"बोला बाबा."

"काय बोलू?"

"काही बी. एक, दोन, तीन म्हणा."

बाबा म्हणायचे. एक, दोन, तीन, चार. ज्या गळ्याचे सहा-सात दिवस उरले होते त्याला मी आकडे म्हणायला लावत होतो. आज हे लिहिताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मला फक्त पडद्यावरची आवाजाची रेघ दिसत होती.

आणि खोलीत आवाज नको म्हणून मी घर बंद करून टाकलं होतं. नागपूरचा मे महिना, बाहेर कावळाही फिरकत नाही, आणि मी कूलर बंद ठेवलेला. त्याची मोटर माईकमध्ये यायची. पंखा बंद. कुकर लावायचा नाही. मिक्सर लावायचा नाही, आई पाट्यावर वाटायला लागली तर त्यालाही मी ओरडलो. बाबांचा सदरा पाठीला चिकटायचा. आई ओला पंचा आणून त्यांच्या मानेवर ठेवायची आणि काही बोलायला तोंड उघडायची, की मी हात वर करायचो. श्श.

चौथ्या दिवशी ती दारात उभी राहिली. "बाबू, मले याईले एक विचारायचं होतं."

"आता नाही वं आई, टेस्टिंग चालू आहे."

"पाच मिनटं."

"नंतर विचार ना! कुठं पळून चालले का ते?"

ती गेली. संध्याकाळी बाबा अंगणात बसले असताना पुन्हा तिथे गेली, तर मीच मागून जाऊन सांगितलं की बाबांना जास्त बोलायला लावू नको, रात्रीही नाही, आहे तेवढा आवाज रेकॉर्डिंगला पाहिजे. बाबा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "हा तर माह्या आवाजाचा ठेकेदारच झाला वं." आईही हसली. मग दोघं न बोलता बसून राहिले, शेजारी शेजारी, अंधार पडेपर्यंत. मी आत जाऊन ड्रायव्हर शोधत बसलो.

पुढच्या तीन दिवसांत ती आणखी दोनदा तरी आली असेल. दोनदा का तीनदा, ते मला सांगता येत नाही, कारण मी मान वर करून बघितलंच नाही.

आठव्या दिवशी सकाळी दुकानातून एका पेन ड्राइव्हवर आणखी एक जुना ड्रायव्हर आणला. कॉम्प्युटरला तो लावायला जागा नव्हती, सगळी तोंडं भरलेली. म्हणून नेटसाठी लावलेलं वायफायचं बारकं बोंडूक उपटलं. सहज म्हणून टेस्ट घेतली. करकर गायब! पुन्हा लावलं, करकर आली. उपटलं, गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! साउंड कार्ड बिचारं आठ दिवस निर्दोष होतं. वायफायचा ड्रायव्हर घडीघडी मशीनला अडवून धरत होता, तेवढ्यात आवाज फाटत होता. आणि ते वायफाय मी कशासाठी लावून ठेवलं होतं? साउंड कार्डचे ड्रायव्हर शोधायला. बाप्पा, काय ती अक्कल माझी!

पण तेव्हा मी नाचलो. बाबांना ओढतच आणलं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणायला लागले. आवाज फाटलेला होता, दम लागत होता, दोन ठिकाणी थांबले. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मागे करकर नाही, पंखा नाही, कुत्रं नाही. फक्त बाबा. आई चौकटीला टेकून ऐकत होती.

संपल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि तिला म्हणाले, "अवं, इकडं ये. काय विचारून राहिली होती तू?"

आणि मी मधे पडलो. म्हटलं, "बाबा, आता एक शब्द नाही. डॉक्टरनं गळ्याले आराम द्याले सांगितलं." डॉक्टरने असं काहीही सांगितलं नव्हतं. खरं काय ते आता सांगतो. त्या दोन ठिकाणी दम लागला होता ना, ते मला खटकत होतं. सकाळी निघायच्या आधी आणखी एकदा घ्यावं, आवाज ताजा असेल, असा माझा विचार होता. उद्या जे कापून टाकणार होते त्याला कसला आराम? पण आईने ऐकलं. मी शिकलेला, मी हॉस्पिटलात बोलणारा, मी म्हणतो ते खरं असणार. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. बाबांनीही तोंड मिटलं.

सकाळी पुन्हा रेकॉर्डिंग करायला वेळच मिळाला नाही. ऑटो दारात आला. बसताना बाबा आईला म्हणाले, "गॅस बंद केला का वं?" तिने मान हलवली. त्या आवाजात ते तिच्याशी बोललेले हे शेवटचं वाक्य.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा जगले, घरी आले, जेवायला लागले. गळ्याला खाली एक भोक, त्यावर पांढरा कपडा. त्यातून श्वास येतो-जातो, शब्द येत नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणलं, तर ट्रॅक्टर बोलल्यासारखं वाटायला लागलं. बाबांनी एकदा लावलं आणि कपाटात टाकून दिलं. मोबाईलवर लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप टाकलं. त्यातली बाई पुण्याच्या बाईसारखी बोलली, तर आई म्हणाली, "हे कोण बया माह्या घरात?" शेवटी पोरांची पाटी आणली. बाबांचं अक्षर चांगलं आहे, सातवीपर्यंत शिकलेले. जे सांगायचं ते पेन्सिलीने लिहितात.

पण आईला वाचता येत नाही.

हे मला माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. ती पारशिवनीकडच्या खेड्यातली, शाळेच्या वयात दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. बाबांनी तिला किती वेळा शिकवायला घेतलं, ती सहीपर्यंत आली आणि म्हणाली, बस झालं, बाकीचं तुमी वाचून सांगा. रोज संध्याकाळी बाबा तिला अख्खा पेपर वाचून दाखवायचे. मी ते चाळीस वर्षं बघत आलो होतो. आवाज गेल्यावर या दोघांमध्ये काय उरेल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आठ दिवसांत एकदाही आला नाही.

तर पाटी वाचायचं काम माझ्याकडे आलं. भूक नाही. पाय दुखून राहिले. ताईला फोन लाव. बाबा लिहायचे, मी मोठ्याने वाचायचो, आई उत्तर द्यायची. नवरा-बायकोच्या मधे मी.

इकडे रेकॉर्डिंग वस्तीभर गेलं. लोक पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, माझी पाठ थोपटायचे. "काय क्लिअर आहे गा, जसे काही समोरच बसले आहेत!" मी फुगायचो. ते वाजलं की आई मागच्या अंगणात निघून जायची, हे मी बघत होतो. मला वाटायचं, रडायला जाते.

दिवाळीच्या आसपासची दुपार होती. गल्लीतल्या एकाच्या घरी गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन होतं, तो रेकॉर्डिंगसाठी पेन ड्राइव्ह ठेवून गेला. देण्याआधी मी सवयीने थोडं वाजवून बघितलं. आई स्वयंपाकघरातून आली.

"बंद कर ते."

मी बंद केलं.

"आठ दिवस त्याईचा आवाज होता घरात," ती म्हणाली. "जित्ता आवाज. तू मले बोलू नाही दिलं. आता हे वस्तीले वाटत फिरतं. मले काय करायचं हे? हे तर मले पाठ आहे."

मी म्हटलं, "आई, चुकलो. तुले जे विचारायचं होतं ते आता विचार. बाबा लिहितीन. मी वाचतो."

"तुह्यासमोर?"

"मग कोण वाचंल आई?"

ती जाऊन बाबांच्या खाटेशी खाली बसली, त्यांच्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. बाबा उशीला टेकून बसले होते, पाटी मांडीवर. ताईच्या आधी एक मुलगी होती. एवढंच मी उडतउडत ऐकलेलं होतं, बाकीचं आई बोलायला लागली तेव्हा कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, बारा दिवसांची झाली आणि गेली. आई तापाने फणफणलेली, तिला शुद्ध नव्हती. बाबा नागपूरहून पोचले आणि लेकराला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एकटेच नदीकडे पुरायला घेऊन गेले. आईने तिचं तोंडही शेवटचं बघितलं नाही.

"मले एवढंच विचारायचं होतं जी," ती म्हणाली. "तिले ठेवलं तवा तुमी काय म्हटलं? साऱ्या वस्तीच्या मयतीत म्हणत गेले. तिच्यापाशी काय म्हटलं? मी जवळ नव्हती. मले ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. इतके साल हिंमत नाही झाली. वाटे, कवाबी विचारता येईन."

बाबांनी पेन्सिल उचलली. बराच वेळ लिहीत होते, पाटी भरली, कडेकडेनेही लिहिलं. मग माझ्याकडे दिली.

लिहिलं होतं: काहीच नाही म्हटलं. तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणता येत होतं तरी निघाला नाही. तिले तशीच ठेवून आलो. म्हणून मग दुसऱ्याईच्या घरी जाऊन म्हणायले लागलो. तुले कोणत्या तोंडानं सांगू.

मी ते दोनदा वाचलं, मनात. आई खाली मान घालून वाट बघत होती. तिच्या डोक्यावरचे पांढरे केस मला दिसत होते. माझ्याने वाचवलं नाही. देवाशप्पथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरंच माझ्याने वाचवलं नाही.

"लिहिलं आहे," मी म्हटलं, "सगळं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हात जोडून, तिच्याजवळ बसून म्हटलं."

आईने पदर डोळ्यांना लावला. तिचे खांदे हलत होते, आणि रडता रडता ती "बरं झालं, बरं झालं" असं म्हणत होती.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात पुढे करून पाटी परत घेतली, तळहाताने सगळं पुसलं आणि दोन शब्द लिहून माझ्यापुढे धरले. खरं वाच.

पेन्सिलीचा आवाज ऐकून आईने विचारलं, "आता काय म्हणते?"

"जरा पड म्हणते. थकली असशील."

"हौ जी," ती बाबांना म्हणाली, "पडते." उठताना तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकं हलकं तोंड तिचं मी त्या आधी कित्येक महिने बघितलं नव्हतं. बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पाटी उलटी करून उशीखाली घातली.

त्या दिवसापासून बाबा माझ्या हातात पाटी देत नाहीत. भूक, पाणी, औषध हाताने खुणावतात. जे लिहायचं ते रविवारी ताई आली की तिच्यासाठी लिहितात, आणि ती आईला वाचून दाखवते. त्या वेळी मी घरात थांबत नाही. दुकान रविवारी बंद असतं, तरी जाऊन शटर उघडतो आणि आत बसून राहतो.